डच बायकांना ‘ट्रूस’ का म्हणतात

दुसऱ्या महायुद्धातल्या नेदरलँड्सबद्दल थोडं जरी वाचायला घेतलं ना, की ट्रूस नावाच्या बायका भेटायला लागतात. सहाशे मुलांना ट्रेनमध्ये बसवून नाझींच्या ताब्यातल्या व्हिएन्नामधून बाहेर काढणारी ट्रूस वाइसमुलर, हारलेममध्ये ऐन कोवळ्या वयात नाझींविरुद्ध हातात पिस्तूल घेतलेली ट्रूस ओवरस्टेखेन, आणि युद्धाच्या कितीतरी आधी उट्रेख्टमध्ये असं एक घर बांधून घेणारी ट्रूस श्रोडर की आजही जगभरचे आर्किटेक्ट ते बघायला जातात. यातल्या पहिलीचं आणि तिसरीचं कागदावरचं नाव काढून बघितलं तर तिथं ट्रूस नाहीच, तिथं आहे गेर्ट्रौडा. आता गेर्ट्रौडाची ट्रूस कशी झाली, त्या नावाचा अर्थ काय आणि डच माणसाला मुळात दोन दोन नावं लागतात कशाला, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे, म्हणून जरा सावकाश सोडवूया.

आधी उच्चार. गेर्ट्रौडामधला पहिला ‘ग’ डच लोक घशातून काढतात, त्यामुळे कानाला तो ‘ख’सारखा लागतो, आणि ‘ट्रौ’मधला ‘औ’ आपल्या ‘औ’पेक्षा ओठ बरेच पुढं काढून म्हणतात. ट्रूसमधला ‘ऊ’ तर आपल्याकडं नाहीच. जीभ ‘ई’ म्हणताना जिथं असते तिथंच ठेवायची आणि ओठ मात्र ‘ऊ’ म्हटल्यासारखे गोल करायचे, मग जो आवाज निघेल तो डच ‘ऊ’. करून बघा, पहिल्यांदा शिट्टी वाजवल्यासारखं होतं. देवनागरीत त्याला अक्षर नाही, म्हणून ट्रूस असं लिहून काम भागवायचं.

आता नाव छोटं कसं होतं ते. आपण सरस्वतीचं सरू करतो, म्हणजे नावाचं तोंड ठेवतो आणि बाकीचं सोडून देतो. डचमध्ये मोठ्या लॅटिन वळणाच्या नावांच्या बाबतीत बरेचदा उलटं होतं. ते बघतात की नावात जोर कुठं पडतोय, आणि तो तुकडा ठेवतात, मग तो मधला असो नाहीतर शेवटचा. गेर्ट्रौडामध्ये जोर ‘ट्रौ’वर आहे, म्हणून ‘गेर’ गळून पडलं, शेवटचं ‘डा’ही गेलं आणि राहिलं नुसतं ट्रौ. हे ट्रौसुद्धा स्वतंत्र नाव म्हणून चालतं बरं का, त्याला लाडाचं शेपूट लावलं की ट्रौत्ये होतं, आणि शेवटी ‘स’ लावला की ट्रूस. हा ‘स’ डच घरगुती नावांत सारखा दिसतो, कोस, टोस, मीस, खूस, सगळीकडं तोच. त्याला वेगळा अर्थ काही नाही, नाव जवळचं वाटावं एवढंच त्याचं काम.

ही एक गोष्ट लक्षात आली की बाकीची डच नावं पटापट उलगडतात. कॉर्नेलियामधून नेल, विल्हेल्मिनामधून मीना आणि मीन, हेंड्रिकामधून रीका, याकोबामधून कोबा, योहान्नामधून हान्ना, मार्गारेथामधून ग्रेट. कॅथरीनाचं ट्रेन झालं, म्हणजे आपण आगगाडीला म्हणतो तसा नाही तर ‘ट्र’ला ‘ऐन’ जोडून म्हणायचा, आणि या ट्रेन नावाची एक बाई उट्रेख्टच्या इतिहासात फार मोठी आहे, ट्रेन फान लेमपुट, १५७७ मध्ये स्पॅनिश राजवटीचा तिथला किल्ला पाडायला बायकांना घेऊन निघालेली म्हणून तिची आठवण काढतात. पुरुषांच्या नावांतही अशी काटछाट होते. निकोलासचा शेवटचा तुकडा राहिला आणि त्याचा झाला क्लास, आणि संत निकोलासचा सिंटरक्लास. अमेरिकेत गेलेल्या डच लोकांबरोबर तो सिंटरक्लास तिकडं गेला आणि सँटा क्लॉज झाला. म्हणजे आपल्याकडच्या शाळांमध्ये डिसेंबरात जो लाल टोपीवाला येतो ना, त्याच्या नावातला ‘क्लॉज’ हा ट्रूससारखाच कापून राहिलेला तुकडा आहे. मला तरी ही साखळी फार आवडते.

ट्रौ आणि ट्रूस यांतला फरक नुसता लाडाचा नाही, त्यात डच भाषेचा जुना हिशेब पण दिसतो. आज डचमध्ये घराला ‘हौस’च्या जवळ जाणारा शब्द आहे, पण काही शतकांपूर्वी तोच ‘हूस’ असा म्हणायचे आणि देशाच्या पूर्वेकडच्या बोलींमध्ये अजूनही म्हणतात. हूस आणि हौस, ट्रूस आणि ट्रौ, आवाजांची जोडी अगदी तीच. आणि ट्रौ या नावाची शाळेत एक अडचण असणार, कारण डचमध्ये स्वेटरला पण ट्रौच म्हणतात. टूर द फ्रान्समध्ये पुढं असलेल्या सायकलस्वाराला जी पिवळी जर्सी मिळते ती डचमध्ये ‘पिवळी ट्रौ’. नावाचा आणि स्वेटरचा एकमेकांशी संबंध नाही, फक्त आवाज जुळलाय.

आता दोन नावं कशाला, त्याबद्दल. डच लोकांमध्ये एक कागदावरचं नाव असतं, आणि दुसरं असतं त्याला ते ‘रूपनाम’ म्हणतात. वाचताना संस्कृत वाटतं पण तसं काही नाही, ‘रूपन’ म्हणजे हाक मारणं आणि ‘नाम’ म्हणजे नावच, तर हे झालं हाक मारायचं नाव. आपल्याकडं घरातलं नाव घरातच राहतं, ऑफिसात कुणी पिंकी म्हणत नाही. तिकडं तसं नाही, आणि बाहेरच्यांचा घोळ होतो तो इथंच. रूपनाम हे ऑफिसात, बँकेत, डॉक्टरकडं, पेपरात, सगळीकडं चालतं, डच फॉर्मवर त्यासाठी वेगळी जागा असते. पासपोर्टवर मात्र कागदावरचं नाव. बाळ झालं की घरोघर जे कार्ड पाठवतात त्यावर बरेचदा दोन्ही छापतात, वर दोनतीन मोठी भारदस्त नावं आणि खाली ठळक अक्षरात, आम्ही तिला अमुक म्हणणार. आणि माणूस गेल्यावर पेपरात जी निधनाची जाहिरात येते तिच्यातही तसंच, पूर्ण नाव आणि त्याच्याबरोबर रूपनाम, नाहीतर गेर्ट्रौडा मारिया गेली हे वाचून शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळायचंच नाही की आपली ट्रूस गेली.

हे असं का झालं? एक कारण चर्च. कॅथलिक घरात बाळाचं नाव लॅटिन वळणाचं लिहायचे, मूळ गेर्ट्रौडला लॅटिन पद्धतीचं ‘आ’चं शेपूट लागलं आणि गेर्ट्रौडा झालं. घरात कोण एवढं लांब बोलणार. दुसरं कारण आज्या. पहिल्या मुलांची नावं आजीआजोबांवरून ठेवायची अशी तिकडं पक्की रीत होती, ठरलेल्या क्रमानं, आईची आई, वडिलांची आई वगैरे. आता विचार करा, एका आजीची चार लेकरं आणि चौघांनी आपापल्या एकेका मुलीला तिचंच नाव दिलं तर सणाला एकत्र जमल्यावर घरात चार गेर्ट्रौडा आणि पाचवी आजी. मग एक ट्रूस, एक ट्रौ, एक गेर्ट्ये, एक ट्रूडी. कागदावर आजीचा मान राहिला आणि हाक मारली की नेमकी जी हवी तीच मुलगी आली. नेपोलियनच्या काळात नेदरलँड्स फ्रान्सला जोडलं गेलं आणि १८११ पर्यंत देशभर सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली, त्यामुळे कागदावरचं नाव अजूनच घट्ट झालं. नावं ठेवण्यावरची बंधनं बरीच सैल झाली ती १९७० च्या कायद्यानं, आणि त्यानंतर लोक छोटंच नाव सरळ नोंदवायला लागले. उत्तरेकडच्या फ्रीसलंडसारख्या भागात छोटी नावं आधीपासून थेट नोंदवली जायची, म्हणून सगळ्याच ट्रूस कागदावर गेर्ट्रौडा असतील असं धरून चालू नका.

आता अर्थ. बाळांची नावं सांगणाऱ्या वेबसाइट्सवर गेर्ट्रौडाचा अर्थ ‘भाल्याची ताकद’ असा देतात, आणि माझं म्हणणं असं की हे अर्धंच खरं आहे. नावाचे दोन तुकडे आहेत हे बरोबर, ‘गेर’ म्हणजे जुन्या जर्मानिक भाषांमध्ये भाला आणि ‘थ्रूद’ म्हणजे बळ. हाच ‘थ्रूद’ नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या, पुराणांमध्ये थॉर देवाच्या मुलीचं नाव म्हणून येतो, आणि रणांगणावर फिरणाऱ्या वाल्किरींपैकी एकीचं नाव पण थ्रूद आहे. पण त्या काळी हे दोन तुकडे वाक्यासारखे जोडत नव्हते. घराण्यात काही ठरलेले तुकडे फिरत असायचे, आईच्या नावातला एक, बापाच्या नावातला एक, ते जुळवून मुलीचं नाव व्हायचं, त्यातून अर्थ निघायलाच हवा असं काही नव्हतं. हिल्डेगुंड हे नाव घ्या, त्यात हिल्ड म्हणजे लढाई आणि गुंड म्हणजेही लढाई (आपल्या गुंडाशी संबंध नाही). आता ‘लढाईलढाई’ असा अर्थ कोण मुलीला मुद्दाम देईल? तर गेर्ट्रौडामध्ये भाला आहे, बळ आहे, पण ‘भाल्याचं बळ’ असं एक सलग वाक्य कुणी तिच्या कानात सांगितलेलं नाही. आणि ट्रूस म्हणताना तर पुढचा ‘गेर’ गळलेलाच आहे, म्हणजे भाला गेला, राहिलं ते बळ.

पण नाव इतकं पसरलं ते भाल्यामुळे नाहीच, ते पसरलं एका संत बाईमुळे. निवेलची संत गर्ट्रूड. निवेल आज बेल्जियममध्ये येतं. ही सातव्या शतकातली, तिचा बाप लांडेनचा पेपिन, फ्रँक राज्यातला फार बडा असामी, ज्याच्या वंशात पुढं सम्राट शार्लमेन झाला. आईचं नाव इट्टा. पोरीला मोठ्या घरचं स्थळ आलं आणि तिनं राजासमोर साफ नाही म्हणून सांगितलं. बाप गेल्यावर आईनं निवेलला मठ काढला, आणि मुलीला कुणी पळवून नेऊन जबरदस्तीनं लग्न लावू नये म्हणून स्वतःच्या हातानं तिचे केस कापून टाकले अशी कथा सांगतात. पुढं गर्ट्रूड त्याच मठाची प्रमुख झाली आणि ६५९ मध्ये १७ मार्चला वारली, जेमतेम तेहतीस वर्षांची असताना. तिच्या चित्रात हमखास एक गोष्ट दिसते, हातात मठप्रमुखाची काठी आणि त्या काठीवरून सरसर चढणारे उंदीर. उंदीरघुशी धान्य खाऊ नयेत म्हणून लोक तिला साकडं घालायचे. आजकाल इंटरनेटवर ती मांजरांची संत म्हणून फिरते, ते अगदी अलीकडचं आहे, उंदरांवरून कुणीतरी मांजरापर्यंत पोचलं. जुन्या लोकांसाठी ती शेतीबागेची आणि प्रवाशांची संत होती. १७ मार्च म्हणजे थंडी सरून बागकामाला हात घालायचा दिवस. आणि प्रवासाला निघणाऱ्याला निरोप देताना तिच्या नावानं एक पेला प्यायची पद्धत होती. हॉलंडचा काउंट पाचवा फ्लोरिस १२९६ मध्ये मारला गेला, त्याच्या जुन्या हकिगतीत असं येतं की शिकारीला निघताना त्यानं गर्ट्रूडच्या नावाचा पेला ज्याच्यासोबत प्यायला तोच कटात सामील होता. ब्राबांटमध्ये गेर्ट्रौडेनबर्ग नावाचं गाव आहे ते तिच्याच नावाचं, १२१३ मध्ये त्याला शहराचे हक्क मिळाले.

तर १९०० च्या आसपास एखाद्या डच घरात मुलीचं नाव गेर्ट्रौडा ठेवलं तेव्हा डोक्यात भाला नव्हता. डोक्यात होती आजी, आणि आजीच्या आजीच्या मागे कुठंतरी ती संत. नावाचा अर्थ शोधताना आपण थेट मुळाशी उडी मारतो आणि मधली हजार वर्षं सोडून देतो, पण माणसांनी नाव वापरलं ते त्या मधल्या हजार वर्षांत.

नावाचा पुढचा तुकडा पण वाया गेला नाही. त्यातून गेर्ट्ये झालं, शेवटी ते ‘त्ये’ म्हणजे डच भाषेतलं लहानपणाचं, मायेचं शेपूट (दक्षिणेकडं त्याच कामाला ‘के’ लावतात, मीके, आन्नेके). गेर्ट्ये मात्र जेरार्ड या पुरुषी नावावरूनही येऊ शकतं, म्हणून लगेच गेर्ट्रौडाला जोडून मोकळं व्हायचं नाही. या नावाची सगळ्यांत प्रसिद्ध बाई म्हणजे गेर्ट्ये डिर्क्स. चित्रकार रेम्ब्रांटची बायको सास्किया १६४२ मध्ये गेली, तान्हं पोर टिटस मागं राहिलं, त्याला सांभाळायला गेर्ट्ये आली आणि रेम्ब्रांटशी तिचं नातं जुळलं. पुढं त्यानं तिला बाजूला केलं तेव्हा लग्नाचं वचन मोडलं म्हणून १६४९ मध्ये तिनं त्याला कोर्टात खेचलं, कोर्टानं तिला वर्षाला २०० गिल्डर (तेव्हाचं डच चलन) द्यायला लावले. आणि मग त्यानं तिला खाउडा शहरातल्या बायकांच्या सुधारगृहात टाकायची तजवीज केली, १६५० मध्ये ती आत गेली आणि पाच वर्षांनी मैत्रिणींच्या खटपटीनं सुटली. रेम्ब्रांटची चित्रं बघताना हे पण माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

अजून एक गेर्ट्रौडा आहे जिला सगळं जग ओळखतं पण या नावानं नाही. १८७६ मध्ये फ्रीसलंडच्या लेउवार्डनला जन्मलेली मार्गारेथा गेर्ट्रौडा झेले. नवऱ्याबरोबर ती जावा बेटावर राहून आली, संसार मोडला, पॅरिसला गेली आणि १९०५ मध्ये स्टेजवर नाचायला लागली ती माता हारी या नावानं. हे मलय भाषेतलं, सूर्याला म्हणतात. आपण मलबार किनाऱ्यावर जन्मलो, देवळात नाचायला शिकलो असं ती लोकांना सांगायची आणि पॅरिसचे लोक विश्वास ठेवायचे. हेरगिरीच्या आरोपावरून फ्रान्सनं १९१७ मध्ये तिला गोळ्या घातल्या.

परत आपल्या ट्रूसांकडं. ट्रूस वाइसमुलर १८९६ मध्ये आल्कमारला जन्मली. तिला स्वतःचं मूल नव्हतं. डिसेंबर १९३८ मध्ये ती एकटी व्हिएन्नाला गेली आणि नाझी अधिकारी आडोल्फ आइखमानच्या ऑफिसात जाऊन ज्यू मुलांना बाहेर न्यायची परवानगी मागितली. त्यानं सहाशे मुलं देतो म्हटलं पण न्यायची ती शनिवारी, १० डिसेंबरला, म्हणजे मुद्दाम ज्यूंच्या सब्बाथच्या दिवशी, जेव्हा धार्मिक ज्यू प्रवास करत नाहीत, वेळ तर काही नाहीच. तिनं नेली. किंडरट्रान्सपोर्ट म्हणतात त्या मोहिमेत साधारण १०,००० मुलं ब्रिटनला पोचली, त्यात या बाईचा वाटा फार मोठा. १४ मे १९४० ला, ज्या दिवशी नेदरलँड्सनं शरणागती पत्करली त्याच दिवशी, तिनं आम्स्टरडॅमच्या अनाथाश्रमातली सत्तरच्या वर मुलं बसमध्ये भरून आयमौडेन बंदरावर आणली आणि ‘बोडेग्राफन’ या जहाजावर चढवली. ती स्वतः मागं राहिली. मुलं तिला टांटे ट्रूस म्हणायची. टांटे म्हणजे मावशी, आत्या, काकू, मामी सगळं एकच, आपल्याकडं ती ट्रूस मावशीच झाली असती.

ट्रूस श्रोडरचं धाडस वेगळ्या जातीचं. १९२३ मध्ये नवरा गेला, तीन मुलं, आणि तिनं आर्किटेक्ट खेरिट रीटफेल्टला बरोबर घेऊन उट्रेख्टमध्ये १९२४ मध्ये घर उभं केलं. वरच्या मजल्यावर पक्क्या भिंती जवळजवळ नाहीतच, सरकणारी दारं, दिवसा एकच मोठी खोली आणि रात्री पोरांच्या वेगळ्या खोल्या. भिंती नको हा आग्रह तिचा होता, रीटफेल्टच्या नावापुढं तिचं नाव बरेच दिवस झाकलं गेलं, आता दोघांचं नाव एकत्र घेतात. १९८५ मध्ये वारली तोवर ती तिथंच राहिली, २००० मध्ये युनेस्कोनं ते घर जागतिक वारशात घेतलं.

आज डच बाळाचं नाव ट्रूस ठेवल्याचं क्वचितच ऐकू येईल, ते आजीपणजीचं नाव झालंय. छोटी जुनी नावं परत आलीत, सार, फीन, नोर वगैरे, ट्रूसची पाळी अजून यायची आहे.

आणि जाता जाता मीपबद्दल सांगायलाच हवं, कारण तिथं सगळे नियम मोडतात. आन फ्रँकच्या कुटुंबाला लपवून ठेवायला मदत करणारी मीप खीस मुळात डच नव्हतीच. ती १९०९ मध्ये व्हिएन्नात जन्मली, नाव हर्मिने. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियात खायची मारामार होती, म्हणून १९२० मध्ये अकरा वर्षांच्या त्या अशक्त पोरीला लायडनच्या एका कुटुंबाकडं काही महिन्यांसाठी पाठवलं. त्या घरात आधीच पाच पोरं होती. हर्मिने हे नाव त्यांना फार औपचारिक वाटलं, त्यांनी तिला लाडानं मीप म्हणायला सुरुवात केली, जे खरं तर मारियाचं छोटं रूप. पोरगी परत राहायला गेलीच नाही, त्याच कुटुंबात वाढली. १०० वर्षांची होऊन २०१० मध्ये ती गेली, आणि हर्मिने म्हणून तिला आज कुणी ओळखत नाही.